मे अखेरची सहल: अकरा ते चार जागचं हलू नका

प्रश्न भांडुपच्या एका ताईंचा आहे. मे महिन्याचा शेवटचा रविवार, घरचे आणि शेजारचे मिळून १६ जण. त्यात ५ मुलं, गुडघ्यांनी बेजार झालेल्या ७४ वर्षांच्या सासूबाई आणि इन्सुलिन घेणारे मोठे दीर. शाळा सुरू व्हायच्या आत एक दिवस सगळ्यांना बाहेर काढायचंय. घरात दोन पक्ष पडलेत, एक आक्साच्या समुद्रकिनाऱ्याचा, एक कान्हेरीच्या लेण्यांचा. जेवणासाठी पहाटे चिकन बिर्याणीचा टोप सांगून सोबत न्यायचा विचार आहे. जागा, वेळ, जेवण सगळंच सुचवा आणि सासूबाईंना न्यावं का तेही सांगा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मुलुंडला आमच्या मंडळाच्या एक दिवसाच्या सहली मी आखते, शिध्याचा हिशेबही माझ्याकडेच असतो. त्या जोरावर सांगते, मे अखेरची सहल फसते ती जागेमुळे नाही, दुपारमुळे. सुट्टीचा दिवस म्हणून मंडळी आरामात उठतात, नऊ-साडेनऊला निघतात, अकराला पोचतात. बाराला मुलं वाळूत आणि मोठी माणसं सावलीच्या शोधात. दोन वाजेपर्यंत निम्म्यांची डोकी चढलेली आणि परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. म्हणून आक्सा की कान्हेरी हे भांडण जरा बाजूला ठेवा आणि आधी घड्याळ ठरवा. आठच्या सुमारास मुक्कामी. साडेदहापर्यंत काय हिंडायचं-खेळायचं ते. अकराला जेवण. मग चार वाजेपर्यंत कुणीही सावली सोडायची नाही. चारनंतर समुद्र, आणि सहाच्या आत परतीची गाडी. मधल्या पाच तासांत कसलाही कार्यक्रम घालायचा नाही. झोपा, पत्ते कुटा, गप्पा मारा.

हा माझा हट्ट नाही. त्या दिवसांत सूर्य मुंबईच्या डोक्यावरच असतो. १५-१६ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी उभ्या काठीची सावली पडतच नाही, आणि महिनाअखेरीलाही फारसा फरक पडलेला नसतो. तापमान बघाल तर ३३-३४ अंशच दिसेल, नागपूरकर हसतील आपल्याला. पण आपल्याकडे हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. त्यामुळे ३४ अंशांतही अंगाला चाळिशी पार केल्यासारखंच वाटतं. याची दुसरी बाजूही आहे. दुपार चढली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. दाट झाडाखाली, हातपाय न हलवता, त्या वाऱ्यात पडलात तर मे महिन्याची दुपारही सुखाची जाते. बिघडतं ते हिंडायला गेल्यावर.

शिवाय रेल्वेही तेच सांगते. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी काही टप्प्यांत गाड्या बंद. मध्य आणि हार्बरवर तो साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो, पश्चिमेचा बहुतेक दहा ते तीन. कुठल्या टप्प्यात आहे ते शनिवारच्या पेपरात येतं, ते वाचल्याशिवाय निघू नका. ऊन आणि ब्लॉक दोघांचं म्हणणं एकच पडतं, दुपारी प्रवास करू नका. मग जागा अशी निवडायची की जिथं दुपार काढता येईल.

या कसोटीला आक्सा उतरत नाही. तिथं बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात, वाळू पायाखालून सरकते, आणि मे अखेरीला पावसाळी वारे सुरू होऊन समुद्र खवळायला लागलेला असतो. पाच मुलं असताना दिवसभर किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचं, तर ती सहल कसली? आणि सावली कुठे आहे तिथं?

कान्हेरीला माझा विरोध नाही, मे महिन्याला आहे. शंभराहून जास्त लेणी आहेत, बघण्यासारखी आहेत, डिसेंबरात जा. मे महिन्यात तो काळा कातळ दहाच्या आत तापतो आणि मग दिवसभर उष्णता परत टाकत राहतो. तिथल्या भिक्खूंनी लेण्यालेण्याला पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, खोदली ती उगाच नाही. पायऱ्या सासूबाईंना झेपायच्या नाहीत, आणि डबे उघडले की माकडं येतात ते वेगळंच. कान्हेरी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याबद्दल आणखी एक गैरसमज असतो, जंगल म्हणजे सावली. मेमध्ये तसं नसतं. इथलं जंगल पानगळीचं. साग या वेळी उघडा असतो, त्याला पाऊस आल्याशिवाय धड पानं येत नाहीत. सावली मिळते ती करंज, आंबा, जांभूळ, उंबर यांची, आणि ती झाडं नेमकी कुठं आहेत हे ठाऊक असलेली मंडळी सकाळी सातलाच तिथं सतरंजी टाकून बसलेली असतात.

जाता जाता राणीच्या बागेचं सांगते, कारण भांडुपहून भायखळा एका गाडीत येतं आणि झाडं तिथं जुनी, डेरेदार आहेत. पण मेच्या रविवारी तिथली गर्दी सासूबाईंना सोसणार नाही, आणि बाग उघडेपर्यंत सकाळचा चांगला वेळ निघून जातो. (बुधवारी बंद असते, हेही लक्षात असू द्या.)

माझं मत वसईच्या वाडीचं. वसई गाव, भुईगाव, राजोडी, अर्नाळा या पट्ट्यात नारळी-केळीच्या, चिकू-आंब्याच्या वाड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी सहलीच्या मंडळींसाठी सोय ठेवलेली असते. सावली, विहीर, संडास आणि चालण्याच्या अंतरावर समुद्र. लेण्यांच्या पक्षातल्यांना सकाळी रिक्षानं किल्ल्यात पाठवा, साडेआठ ते दहा. वसईचा किल्ला मराठ्यांनी १७३९ च्या मे महिन्यातच घेतला. चिमाजी अप्पांना दुपार रिकामी ठेवायची सोय नव्हती, तुम्हाला आहे. किल्ल्यात उंच भिंती बघून तिथंच बसू असं कुणाला वाटेल, तर सांगून ठेवा की भिंतीची सावली सकाळपुरती. बाराला ती भिंतीच्या पायाशी गोळा होते, आणि तोवर दगड तापलेला असतो.

झाडाच्या सावलीतही फरक आहे. किनाऱ्यावर सुरूची बनं दिसतात, फोटोत छान येतात, पण सुरूची सावली म्हणजे चाळणी, अकरानंतर ऊन थेट अंगावर. नारळाखाली तर बसूच नका. वाळकी झावळी किंवा नारळ पडायला वारा लागतोच असं नाही. चिकूची सावली सगळ्यांत दाट आणि बुटकी, मुलांना फांद्यांशी खेळताही येतं. चिंच चांगली, वड उत्तम. आंब्याखाली बसण्याआधी वर बघा. पानं एकमेकांना चिकटवून केलेली गोळ्यासारखी घरटी दिसली तर ते ओंबील. त्या लाल मुंग्या एकदा सतरंजीवर उतरल्या की जेवण उठलंच. आणि सतरंजी पसरताना सावली आत्ता कुठं आहे ते बघू नका, बाराला कुठं असेल ते बघा. सकाळी आठला झाडाची सावली पश्चिमेला लांब पसरलेली असते. तिच्या टोकाला पथारी मांडलीत तर दहाला ऊन तुमच्यावर येतं आणि सगळं बिऱ्हाड उचलावं लागतं. बुंध्याजवळ, किंचित पश्चिमेला मांडा, मग दुपारपर्यंत हलवावं लागत नाही.

वाडीवाल्याला फोन करताना फोटो मागत बसू नका, फोटोत सगळ्याच वाड्या हिरव्या असतात. विचारायचं ते असं. कमोडचा संडास आहे का, की नुसता बसायचा? सासूबाईंसाठी हा पहिला प्रश्न. विटांची पक्की खोली एक तरी मिळेल का? त्या दिवशी दुसरा ग्रुप आहे का, आणि असला तर स्पीकर लावणार आहे का? विहिरीला कठडा आहे का? पिण्याचं पाणी कुठून येतं? समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, हातपाय धुवायला ठीक. पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरा, म्हणजे तुम्हाला पन्नासेक लिटर लागणार. २० लिटरचे दोन जार तिथंच मागवून ठेवायला सांगा, बाकीचं बाटल्यांतून न्या. आणि पाऊस आला तर आगाऊ रकमेचं काय, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी नको.

पावसाचं गमतीत घेऊ नका. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेला येऊन थडकला. आणि मोसमी आला नाही तरी वळीव आहेच. १३ मे २०२४ ची दुपार तुम्हा भांडुपकरांना सांगायला नको, धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली. दुपारी पूर्वेकडे डोंगरांच्या बाजूला काळं भरून आलं, समुद्राचा वारा एकदम पडला आणि उलट्या दिशेनं गार झुळूक आली की पाच-दहा मिनिटंच हातात असतात. ज्या झाडाखाली दिवस काढला तेच झाड विजेच्या वेळी सगळ्यांत वाईट. त्या वेळी सतरंज्या-डबे गोळा करत बसायचं नाही, आधी माणसं पक्क्या खोलीत. पक्की खोली विचारून घ्या म्हटलं ते यासाठीच. विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं केलंय, फुकट आहे, एका तरी मोबाइलवर टाकून ठेवा.

आता जेवण. बिर्याणीचा बेत सोडा, निदान न्यायची म्हणून तरी. पहाटे पाचला भरलेला टोप अकरा-बाराला उघडणार. तोपर्यंत तो गरमही नसतो, गारही नसतो, नुसता कोमट, आणि कोमट मांस-भात हे जंतूंचं माहेरघर. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच तास, याच्या पुढं धरू नये. ‘तिथं परत गरम करू’ हाही उपाय नाही. भातात जे विष तयार होतं ते पुन्हा तापवल्यानं जात नाही. अगदी सामिषच हवं असेल तर वाडीवाल्याला सांगा. बरेच जण ऑर्डरप्रमाणे कोंबडी-भाकरी, मासे करून देतात. ताजं, गरम, तिथल्या तिथं. सोळा जणांत पाच-सहा जण खाणारे असतील तर तेवढ्यांपुरतं सांगा, सगळ्यांचं नको.

घरून न्यायचं ते टिकणारं. आपल्या आज्यांनी प्रवासाचं जेवण फार विचार करून बसवलंय, नवं काही शोधायची गरज नाही. पोचल्या पोचल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा. पुऱ्या शनिवारी रात्री करायच्या, पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि मगच डब्यात भरायच्या. गरम पुऱ्यांवर झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि सकाळी त्या चामट होतात, वास येतो तो निराळाच. मोठ्यांना सहा, मुलांना चार धरा, म्हणजे साधारण नव्वद लागतील. एक किलो कणकेत पन्नास-पंचावन्न होतात, तर पावणेदोन किलो भिजवा.

अकराच्या जेवणाला दशम्या, कोरडा झुणका, लसणाची चटणी, मेथांबा, दहीभात, काकडी आणि आंबे. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असल्यानं दुपारपर्यंत मऊ राहते, सासूबाईंच्या दातांनाही बरी. झुणका तेलावर नीट कोरडा परतलेला हवा, पिठल्यासारखा ओलसर नको. ओल्या खोबऱ्याची चटणी नको, बटाट्याची भाजी नको, आणि वाटली डाळ तर मुळीच नको. कैरीच्या दिवसांत तिचा मोह होतो, पण भिजवलेली डाळ या हवेत लवकर फसफसते. मेथांबा मात्र गुळात मुरलेला असतो, दोन दिवस राहिला तरी काही होत नाही. दहीभाताला एक किलो तांदूळ पुरे. भात परातीत मोकळा करून पूर्ण गार करायचा, उकळून गार केलेलं दूध भरपूर आणि दही थोडं घालायचं, नाहीतर अकरापर्यंत आंबट ढाण होतो. फोडणी घालून डबा थेट बर्फाच्या पेटीत. वाढताना तो सगळ्यांत आधी संपवा. उरला तर टाका, चारला कुणी मागितला तरी द्यायचा नाही.

काकडी अख्खी न्या, कांदा अख्खा न्या, कलिंगड न्यायचंच तर तेही अख्खं. चिरलेलं काही नको. हापूस तेव्हा उतरणीला लागलेला असतो, पायरी घ्या, दोन डझन. पोचल्यावर आंबे बादलीत तासभर बुडवून ठेवा, देठाचा चीक धुतला जातो आणि आंबा थंडही होतो. खायला बसायचं ते सतरंजीपासून लांब, नळाजवळ. सालीवर पाच मिनिटांत माश्या येतात आणि मग त्या दिवसभर जात नाहीत. वसई स्टेशनबाहेर ताडगोळे, जांभळं, करवंदं विकायला बसलेल्या बायका दिसतील. ताडगोळे येतानाच घ्या आणि सकाळीच संपवा. उन्हात ठेवले की दुपारपर्यंत आंबतात.

चारला भेळ. ही पुरुषांवर सोपवा, मी आमच्याकडे कायम तसंच करते. कुरमुरे, फरसाण, शेव, चिंच-खजुराची चटणी, अख्खी कैरी, अख्खे कांदे, एक पाट आणि दोन धारदार सुऱ्या. चिरायचं तिथंच. खरं तर सगळ्या कामांचीच आधी वाटणी करा. पुऱ्या एका घराच्या, दशम्या दुसऱ्या, झुणका-चटणी तिसऱ्या. नाहीतर पहाटे तीनला उठून सोळा जणांचं करणारी एकटी बाई सहलीत दिवसभर पेंगते, आणि बाकीचे म्हणतात, ‘वहिनींचा मूड नाही वाटतं.’

पिण्यासाठी कैरीचं पन्हं आणि कोकम. पन्ह्याचा घट्ट गर आणि कोकमाचा आगळ, म्हणजे घट्ट रस, न्या आणि तिथं पाणी घाला. वजन कमी होतं आणि टिकतंही जास्त. बर्फ घरचाच, पाऊण भरलेल्या बाटल्या दोन दिवस आधी फ्रीजरमध्ये ठेवून. गळ्यापर्यंत भरल्या तर फुटतात. डब्यांना गार ठेवायचं काम त्या करतात आणि वितळल्या की प्यायला होतात. मासळीबाजारात मिळणाऱ्या लाद्या डब्यांभोवती ठेवायला चालतील, ग्लासात नको. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर असायला हवा असा नियम २०१८ पासून आहे, तेव्हा निळी झाक दिसली तर सरबतात घालूच नका.

ताटं घरूनच न्या. प्रत्येक घरानं आपापली स्टीलची ताटं, वाट्या, चमचे कापडी पिशवीत आणायचे, खरकटी तशीच कागदात गुंडाळून परत न्यायची. थर्माकोलच्या पत्रावळी २०१८ पासून राज्यात बंद आहेत, पानांच्या मिळाल्या तर उत्तम. बाकी सामानात खाली अंथरायला ताडपत्री, वर सतरंज्या, दोन जुन्या नऊवारी (मिळाल्याच तर) आणि सुतळी. दोन झाडांत नऊवारी बांधली की तिरपं येणारं ऊन अडतं, लहानग्याचा झोकाही होतो. प्रत्येकाला छत्री. ऊन असो, वळीव असो, छत्री दोन्हीकडून कामाची.

सासूबाईंना न्यावं का? न्याच. तुमच्या प्रश्नांत त्यांचा प्रश्न शेवटी आलाय, पण हा सगळा आराखडा त्यांना सोसेल असा बसवला की बाकीच्यांनाही सोसतो. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची हवी. खाली बसवलंत तर उठताना दोघं लागतील आणि मग त्या दिवसभर पाणी कमी पितील, उठावं लागू नये म्हणून. हे बऱ्याच वयस्कर बायका करतात आणि सांगत नाहीत. तासातासाला भांडं हातात द्या, ‘तहान लागली का’ असं विचारू नका. त्यांना रक्तदाबाची, लघवी साफ होण्याची गोळी चालू असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांशी बोला. दिरांचं इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, कापडात गुंडाळून ठेवा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, उन्हात तापलेलंही. त्यांची जेवणाची वेळ अकरापर्यंत अलीकडे येणार, तेव्हा डोस कसा घ्यायचा हेही डॉक्टरांना विचारा, आणि खिशात साखर असू द्या.

ओआरएसची पाकिटं घ्या, मोठं पाकीट एक लिटरमध्येच कालवायचं, ग्लासात नाही. नसलंच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणाचं अंग भाजल्यासारखं तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, किंवा उलट्या थांबेनात, तर सरबत पाजत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जाण्याचं म्हणाल तर पावणेसहाच्या सुमाराची धीमी लोकल पकडा आणि दादरला गाडी बदला. दादरला फलाट आता सलग १ ते १४ आहेत. तुम्ही आठच्या पुढच्या फलाटावर उतराल, विरार गाडी एक ते सातमध्ये. कुठं जमायचं ते आधी ठरवा, बायका लेडीजमध्ये आणि पुरुष दुसऱ्या टोकाला असं झालं की पुलावर वीस मिनिटं जातात. सामान चार जणांत वाटून द्या, एकाच भल्यामोठ्या पिशवीत काही भरू नका. परतीची तिकिटं सकाळीच काढा. मोठी गाडी करून गेलात तरी चालेल, फक्त रविवार संध्याकाळचा महामार्ग सहाच्या आत ओलांडा.

दुपारच्या त्या पाच तासांना मुलं कंटाळतील ही भीती असते. पहिला अर्धा तास कंटाळतात, खरं आहे. मग कुणीतरी पत्ते काढतं. झब्बू आणि बदाम सात सगळ्यांना येतात, मेंढीकोट मोठ्यांना. सासूबाईंना सागरगोटे द्या हातात, बघा नाती कशा गोळा होतात. गाण्याच्या भेंड्या जेवणानंतर लगेच लावू नका, ज्यांना झोपायचंय त्यांना झोपू द्या. लगोरी आणि क्रिकेट सकाळीच उरकायचं.

चारला भेळ झाली की समुद्र. त्या दिवशी पाणी कुठं असेल ते तिथीवरून काढता येतं. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते, आणि सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. वसईला थोडा फरक पडेल, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पौर्णिमेच्या जवळचा रविवार आला तर संध्याकाळी पाणी दूर गेलेलं, वाळू लांबवर उघडी आणि मुलांना किल्ले करायला भरपूर जागा. पण वसईचा किनारा सपाट आहे, पाण्यामागं फार आत जाऊ देऊ नका, पुढे चिखल लागतो. अष्टमीच्या आसपास असेल तर भांगाची भरती, म्हणजे पाणी जवळ असतं पण जोर कमी. काहीही असलं तरी या दिवसांत मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडायचं नाही, आणि एक मोठं माणूस पाण्यात पाय घालून, पाठ किनाऱ्याला करून उभं राहायला हवं. मोबाइल घरच्या दुसऱ्या कुणाकडे देऊन.

परतताना आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करायचा मोह होईल, आणि करावीच. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे किनाऱ्याच्या गावांत सुके बोंबील, जवळा, करंदी यांचे ढीग लागलेले असतात. केळ्याची सुकेळी मिळाली तर तीही घ्या. फक्त सुकटीसाठी घट्ट झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा सकाळीच रिकामा नेऊन ठेवा. रविवार संध्याकाळच्या विरार गाडीत पिशवीतून जवळा नेलात, तर अंधेरीपर्यंत बसायला जागा भरपूर मिळेल, पण आजूबाजूच्यांचं बोलणं मुलांनी ऐकण्यासारखं नसेल.